राखण्याला सांगितलेल्या अकरा चुली

नऊला येणारी जीप साडेनऊ झाले तरी आली नव्हती, आणि तेवढ्या वेळात दीपालीने लेकीच्या पायांना जळवा लागल्यात का ते चार वेळा बघितलं होतं. जानेवारीत जळवा नसतात हे तिलाही माहीत होतं. पण बघितल्याशिवाय तिला चैन पडत नव्हतं.

"आई, गुदगुल्या हुतात," रक्षा पाय ओढून घेत म्हणाली.

"होऊ देत. दुसरा पाय दे."

दीपालीच्या खांद्याला जी कापडी पिशवी होती तिच्यात तापाचं औषध, पट्टी, कापूस, लिंबू, उकळून गार केलेलं पाणी आणि एक जादा स्वेटर होता. तिचा नवरा महाबळेश्वर तिला 'चालता दवाखाना' म्हणायचा. म्हणू दे. सहा वर्षांची पोर घेऊन रानात राहणाऱ्या बाईने आणखी काय जवळ बाळगावं?

कुंभारवाड्याहून येणारा डांबरी रस्ता या खिंडीत डोंगर ओलांडतो आणि तिथूनच उजव्या हाताला एक पायवाट खाली उतरते. पायवाटेने अर्धा तास गेलं की किंदळवाडा. नऊ घरं, थोडी भातशेती आणि घरांमागे कंदांचे वाफे. दीपाली रामनगरची, बीए झालेली. सात वर्षांपूर्वी लग्न होऊन या वाड्यात आली तेव्हा माहेरच्या बायका हळहळल्या होत्या, "काय की बाई, इतकं शिकवून रानात दिली!"

रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर तिचे सासरे नागू बसले होते. बहात्तर वर्षांचे, काटकुळे, वाड्याचे बुदवंत. बुदवंत म्हणजे गावचा मानाचा माणूस, ज्याच्या शब्दावर लग्नं जुळतात आणि भांडणं मिटतात. पण गेलं वर्षभर हा माणूस शब्दच काढत नव्हता. विचारलं तर व्हय किंवा न्हाई. त्यापुढे गाडी जात नव्हती.

कारण त्याच्या शब्दानेच घात केला होता, असं त्याला वाटत होतं.

झालं होतं ते असं. किंदळवाड्याची जमीन कागदावर जंगलाची. ती आपल्या नावावर करून घ्यायची तर तीन पिढ्या, पंचाहत्तर वर्षं इथे राहत असल्याचा पुरावा हवा. गेल्या वर्षी तालुक्याला, जोयड्याच्या कचेरीत सुनावणी झाली. फाईल उघडून एका कारकुनाने विचारलं, "तुमची घरं किती वर्षांची?" नागू खोटं बोलणारा नव्हे. म्हणाला, "मी धा वर्सांचा हुतो तवा बांदली. एकसष्ट वर्सं झाली."

"आणि त्याआधी कुठं होता?"

नागू गप्प बसला. पुन्हा विचारलं, तरी गप्प. कारकुनाने लिहून टाकलं, त्याआधीची माहिती नाही. चौदा वर्षं कमी पडली आणि अर्ज नामंजूर झाला.

वाड्यातल्या कुणीही त्याला बोल लावला नाही, कारण त्याच्या जागी कुणीही गप्पच बसलं असतं. या लोकांची रीतच तशी. साथ आली, एका सालात दोनतीन माणसं गेली, की अख्खा वाडा उठायचा. लांब नाही, त्याच उतारावर, हाकेच्या अंतरावर. चुलीचे तीन धोंडे डोक्यावर घ्यायचे, जुन्या चुलीच्या जागी फणसाची आठळी पुरायची आणि मागे न बघता निघायचं. सोडलेली जागा गेलेल्यांची. तिचं नाव माणसासमोर पुन्हा काढायचं नाही. काढलं तर ते उठून नव्या चुलीपाशी येतात. दीपालीने एवढंच ऐकलं होतं, तेही सासूच्या, फुलाबाईच्या तोंडून, आणि तेही अर्धवट. रामनगरच्या सुनेला कोण सगळं सांगतंय?

वरच्या कचेरीत पुन्हा अर्ज केला होता. आज एक मॅडम स्वतः जागा बघायला येणार होत्या. आज जमलं तर जमलं. नाहीतर नऊही घरांनी मोठ्या रस्त्याकडेच्या कॉलनीत जायचं. पत्र्याच्या खोल्या, ओळीने. शेत नाही, कंद नाही.

खाली वाड्यात महाबळेश्वर आणि बाकीचे वाट झाडत होते, फुलाबाई जेवणाच्या मागे होती. मॅडमना वाट दाखवायला वर कोण? तर बुदवंत, कारण मान त्याचा, आणि दीपाली, कारण तो बोलणार नाही.

दीपालीच्या मनात आणखी एक गोष्ट होती, जी तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती. दिवाळीच्या आधी रक्षाला ताप आला होता. घोंगडीच्या झोळीत घालून पोरीला वर आणलं, जीप मिळेपर्यंत थांबली, जोयड्याच्या डॉक्टरपर्यंत पोचायला चार तास लागले. त्या चार तासांत तिने देवाला म्हटलं होतं, कॉलनीच होऊ दे. पोर बरी झाली, पण ते म्हटलेलं आत रुतून बसलं होतं. आज अर्ज फसला तर तो आपल्याच तोंडच्या वाक्याने फसला, असं तिला आयुष्यभर वाटलं असतं.

"आई, त्यो दगूड कशाचा?"

वळणावर, खिंडीच्या ऐन तोंडाशी, माणसाच्या उंचीचा काळा गुळगुळीत दगड उभा होता. भोवती चौथरा, चौथऱ्याला पिवळा रंग. गेल्या महिन्यात पर्यटकांसाठी म्हणून बसवला होता. वाड्यातल्या सगळ्यांनी येता-जाता बघितला होता, पण वाचला कुणीच नव्हता. "कुण्या फिरंग्याचा हाय म्हनं," एवढं सांगून मोकळे झाले होते. दीपाली तर रक्षाच्या तापानंतर वर आलीच नव्हती.

"चल, वाचू," ती म्हणाली. जीप येईपर्यंत हातांना काहीतरी काम हवं होतं.

वर कानडी, खाली इंग्रजी. अक्षरं सोनेरी. ती रक्षाचं बोट धरून मोठ्याने मराठीत सांगू लागली, म्हणजे सासऱ्यांनाही ऐकू जावं. "सोळाशे अडतीस साली पोर्तुगीज प्रवासी लुईश कार्वेलो याने... हे निर्जन अरण्य ओलांडून..."

ती तिथेच थांबली.

"निर्जन म्हंजे?" रक्षाने विचारलं.

"जिथं कुणी राहत नाही."

"मग आपून?"

 उरलेली ओळ दीपालीने पुटपुटतच वाचली. या खिंडीचा शोध लावला. या मार्गावर पाऊल ठेवणारा तो पहिला. म्हणजे मॅडम जीपमधून उतरणार, आणि त्यांना पहिलं काय दिसणार तर सरकारने सोनेरी अक्षरांत लिहून ठेवलेलं, की इथे कुणी राहतच नव्हतं! याहून मोठा पुरावा उलट बाजूचा कुठला?

मागून नागूचा आवाज आला. "पयला?"

ती वळली. सासरे मैलाच्या दगडावरून उठून जवळ आले होते. वर्षभरात ते आपणहून बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

"पयला असंल तर त्येचं वझं कुनी व्हायलं हुतं?" नागू म्हणाला, आणि पुन्हा जाऊन बसला.

दीपालीला हसू यायला हवं होतं. पण तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की हातातलं बोट नाही. रक्षा नाही!

"रक्षा! ए रक्षा!"

"हितं हाय!" दगडामागून आवाज आला. "राखन्याला डहाळी घालूलोय!"

काळ्या दगडाच्या पाठीमागे, रानमोडीच्या गचपणात, जुना राखणा होता. राखणा म्हणजे देऊळ नव्हे, मूर्ती नव्हे. नुसता दगडांचा ढीग, वर वाळक्या डहाळ्यांचा थर. खिंड ओलांडणारा प्रत्येक माणूस तिथे चपला काढतो, किंदळाची हिरवी डहाळी ठेवतो, मनात काहीतरी पुटपुटतो आणि पुढे जातो. रक्षाला चालता यायला लागल्यापासून हे ठाऊक होतं. दगड बसवणाऱ्यांनी राखण्याला हात लावला नव्हता, नुसतं त्याच्यापुढे आपलं घोडं उभं केलं होतं.

"किती वेळा सांगितलं, गवतात एकटी शिरायचं नाही! साप असतो, विंचू असतो..." दीपाली काठीने रानमोडी बडवत आत शिरली. लेकीला दंडाला धरून ओढायला वाकली, आणि वाकल्यावाकल्या तिला दिसलं की दगडाच्या पाठीवरही अक्षरं आहेत.

बारीक, सोनेरी रंग न भरलेली, इंग्रजी. वर लिहिलं होतं, त्याच्या रोजनिशीतून.

तिने रानमोडी हाताने मोडून बाजूला केली. वाचलं. पुन्हा वाचलं. मग पदराने दगड पुसून तिसऱ्यांदा वाचलं, एकेका शब्दावर बोट ठेवून, जसं औषधाच्या बाटलीवरचं वाचत असे.

"मामा!" ती ओरडली. सासऱ्यांना असं ओरडून हाक मारायची तिची पहिलीच वेळ. "मामा, इकडं या! लवकर!"

नागू धावत आला. त्याला वाटलं, पोरीला काही चावलं.

"ऐका. तो फिरंगी काय लिहितोय ते ऐका." आणि ती सांगू लागली. "चढण संपली तिथे दगडांचा ढीग होता. माझे हमाल खालच्या वाडीतले. त्यांनी मला बूट काढायला लावले आणि हातात हिरवी डहाळी दिली. ती दगडांवर ठेवून आपण कुठून आलो ते सांगायचं, म्हणाले. मी सांगितलं, लिस्बन. ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, एवढंच? मग त्यांचा म्होरक्या आपल्या चुली सांगू लागला. तीन सांगितल्या. पहिली, मोठ्या धोंड्याखालून झरा येतो तिथली."

नागूचा हात राखण्याच्या दगडावर टेकला.

"पुढं ऐका. आदल्या रात्री मी त्याच्याच घरी उतरलो होतो. हाताएवढा लांब कंद भाजून त्याने मला खायला घातला. तुम्ही इथे कधीपासून राहता, असं मी तीनदा विचारलं. तो एक शब्द बोलला नाही. जे माणसाला सांगायचं नाही, ते हे लोक दगडाला सांगतात."

 नागूने हळूच विचारलं, "त्येला बी न्हाई सांगितलं?"

"नाही."

"तीनदा इचारलं तरी?"

"तीनदा विचारलं तरी."

म्हाताऱ्याच्या छातीतून कसलासा घरघरता आवाज आला. दीपाली घाबरली, पिशवीत हात घातला. मग तिला कळलं, सासरे हसतायत. "आगं, मंग मी काय येगळं केलं?" डोळे पुसत नागू म्हणाला. "चारशे वर्सांमागच्या बुदवंतानं बी त्येच केलं की! कोन भाजून घाटला, पन तोंड न्हाई उगाडलं!" कोन म्हणजे त्यांच्या वाफ्यातला तो हातभर कंद. आज सकाळीच फुलाबाईने दोन काढून ठेवले होते.

"मामा," दीपालीने जपून विचारलं, "तुम्ही डहाळी ठेवताना चुली सांगता?"

नागूने तोंड फिरवलं. "त्ये इचारू नगं."

"नावं नकोत. नुसता आकडा."

नागू विचारात पडला. रीत त्याने मनातल्या मनात उलटसुलट करून बघितली असावी. "आकडा सांगू ने, असं कुनी म्हनलं न्हाई," तो शेवटी म्हणाला. "अकरा."

दीपालीने पुन्हा दगडाकडे बघितलं. तेव्हा तीन. आता अकरा.

"मॅडमच्या समोर ठेवाल डहाळी? मोठ्याने सांगून?"

"मोठ्यानंच सांगावं लागतंय. परका मानूस खाली न्ह्यायचा तर राखन्याला कळाया पायजे, कुनाच्या जिवावर चाललाय." तो थांबला. "मागच्या टायमाला त्यांनी आमाला जोयड्याला बोलावलं. कचेरीत कुठला राखना?"

खालच्या वळणावर जीपचा आवाज आला.

मॅडम पन्नाशीच्या होत्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या. सोबत फाईल घेतलेला कारकून, तोच गेल्या वर्षीचा. बोलणं कानडीत सुरू झालं, पण मॅडमना मराठी समजत होती. मॅडमनी पायवाटेकडे बघून कपाळाला आठी घातली, आणि दीपालीला वाटलं होतं अगदी तसंच झालं. कारकुनाची नजर सोनेरी अक्षरांवर गेली.

"मॅडम, उतरायचे कष्ट कशाला घेता? इथे दगडावरच लिहिलंय. निर्जन अरण्य. इथेच बसून रिपोर्ट करून टाकू."

मॅडमनी वाचलं. "खरंच की," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडा सुटकेचा सूर होता, तो दीपालीला ऐकू आला.

कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने रक्षाच्या डोक्यावर हात ठेवला आणि दीपालीला समजुतीने म्हणाला, "अक्का, तूच बघ. शिकलेली दिसतेस. कॉलनीतून दवाखाना पंधरा मिनिटांवर. लेकरू आजारी पडलं तर इथून कुठे पळणार?"

हे वाक्य नेमकं तिच्या दुखऱ्या जागी बसलं. ते चार तास, ती झोळी, रक्षाचे तापलेले तळवे, सगळं एकदम समोर उभं राहिलं. नुसतं गप्प राहायचं होतं. दगडाची पाठ तिच्याशिवाय कुणी वाचली नव्हती. सासऱ्यांनी ऐकलं होतं, पण ते कचेरीच्या माणसांपुढे आपणहून बोलणार नव्हते. ती गप्प राहिली असती तर मॅडमना कधी कळलं नसतं.

तिने रक्षाचा हात घट्ट धरला, इतका की पोर "आई गं" म्हणाली.

"दवाखाना आम्हाला इथेच पाहिजे," दीपाली म्हणाली.  "त्याचा अर्ज वेगळा करीन. तो कुठे द्यायचा ते नंतर सांगा. आज हा अर्ज. मॅडम, दगडाची एकच बाजू वाचलीत तुम्ही. मागच्या बाजूला या."

"मागे काय आहे?"

"आम्ही आहोत."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि गुडघा सांभाळत रानमोडीत शिरल्या. दीपाली काठीने पुढची जागा बडवत होती. मॅडमनी वाचायला दहा मिनिटं घेतली. कारकुनाला वर चढलेली एक फांदी धरून उभं राहायला सांगितलं, कारण ती शेवटच्या ओळीवर येत होती.

"हं," मॅडम म्हणाल्या. "पुढे म्हणतात निर्जन आणि मागे म्हणतात कंद भाजून दिला. लिहिणाऱ्याने आपलंच लिहिलेलं वाचलं नाही वाटतं." मग त्या गंभीर झाल्या. "पण बाई, खाली वाड्या पुष्कळ. हा तुमचाच वाडा, हे कशावरून? अज्जांना विचारलं तर ते सांगत नाहीत. तसं फाईलीतच आहे."

"त्यांना विचारू नका," दीपाली म्हणाली. "ते दगडाला सांगतील. तुम्ही फक्त ऐका."

नागूने कोयत्याने किंदळाची डहाळी तोडली. चपला काढल्या, मुंडासं सारखं केलं. राखण्यासमोर उभा राहिला तेव्हा त्याची पाठ ताठ झाली होती. वर्षभर वाकलेला म्हातारा तो हाच का, असा दीपालीला प्रश्न पडला.

"राखन्या," त्याने हाळी घातल्यासारखं म्हटलं, "किंदळवाड्याचा नागू आलाय. सांगतीला परकं मानूस हाय. वळखून घे. आमची पयली चूल झऱ्याच्या धोंड्याखालची..."

मॅडमची मान झटकन दगडाकडे वळली. बोट त्या ओळीवर जाऊन टेकलं.

नागू सांगत होता, एका लयीत, मध्ये श्वास न घेता, जसं त्याने बापाच्या तोंडून ऐकलं असेल आणि बापाने त्याच्या बापाच्या. दोन आंब्यांच्या मधली. वाघबसणीची. लव्हाळ्याच्या वरली. त्या जागा दीपाली रोज तुडवत होती, आणि त्यांना नावं आहेत हे तिला आज कळत होतं. रक्षा बोटं दुमडून मोजत होती. दहा बोटं संपली आणि अज्जाचं सांगणं संपेना, तेव्हा तिने शेजारी उभ्या असलेल्या कारकुनाचा हात ओढला आणि त्याचा अंगठा धरून ठेवला.

"अकरा!" ती ओरडली.

कारकून अंगठा सोडवून घ्यायचं विसरून तसाच उभा राहिला.

नागूने डहाळी ठेवली. वळून मॅडमना म्हणाला, "आता तुमी. खाली यायाचं तर रीत हाय. चपला काडा आनि कुठनं आलासा ते सांगा."

मॅडम क्षणभर घुटमळल्या. मग त्यांनी सँडल काढल्या, रक्षाने दिलेली डहाळी घेतली आणि शाळेतल्या मुलीसारख्या सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "राणेबेन्नूर."

"येवढंच?" नागू म्हणाला.

दीपालीला हसू आवरेना. मॅडमनी आधी तिच्याकडे बघितलं, मग दगडाकडे, आणि मग त्याही पोट धरून हसू लागल्या. "अज्जा, बदलीची नोकरी माझी! सगळ्या चुली सांगायला लागले तर संध्याकाळ होईल!"

गुडघा दुखत असूनही त्या खाली उतरल्या. वाटेत नागू कुठल्याच जागेचं नाव घेत नव्हता, आणि त्या विचारतही नव्हत्या. नागू नुसता एखाद्या फणसापाशी थांबायचा आणि दुसरीकडे बघायचा. मॅडम समजून घ्यायच्या. पहिल्या फणसाला दीपालीने एकटीने मिठी मारली, हात जेमतेम पुरले. हा बासष्ट वर्षांचा, घरं हलवली तेव्हाचा. दुसऱ्याला दीपाली आणि महाबळेश्वर दोघं लागले. तिसऱ्याला वाड्यातले चौघे. चौथा पोकळ झाला होता, त्याच्या पोटात रक्षा आणि तिच्या दोन मैत्रिणी उभ्या राहिल्या, आणि दीपालीने आत साप नाही ना ते आधी काठी घालून बघितलं, मगच राहू दिलं. त्याच्यापुढचे केव्हाच मातीत गेले होते, पण दगडी जोती होती, शेवाळलेली, एकावर एक चढत गेलेली. आणि सगळ्यांच्या वर, मोठ्या धोंड्याखालून, जानेवारीतही झरा वाहत होता.

मॅडम ओंजळीने पाणी प्यायल्या. कारकुनाने बाटली पुढे केली होती, ती त्यांनी परत दिली.

जेवणात भाजलेला कोन होता, वर मीठ आणि खोबरेल. केळीच्या पानावरचा अख्खा कोन मॅडमनी हाताला लावून बघितला. "हाताएवढा लिहिलंय त्याने. बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि एक तुकडा मोडून खाल्ला. मग ओसरीवर बसून त्यांनी स्वतःच्या हाताने लिहायला घेतलं. सगळा वाडा भोवती उभा होता. लिहून झाल्यावर त्यांनी कानडीत वाचून दाखवलं, सावकाश, की वस्तीच्या जुन्या जागा अकरा, पैकी चार ठिकाणी जुनी फणसाची झाडं, सगळ्यांची जोती प्रत्यक्ष पाहिली. खिंडीतल्या सरकारी शिलालेखातलं वर्णन जागेशी, झऱ्याशी आणि आजही पाळल्या जाणाऱ्या रीतीशी जुळतं. पंचाहत्तर वर्षांची अट पुरी होते.

"होऊन उरते," कारकून मध्येच म्हणाला, आणि मॅडमनी तेही लिहिलं.

नागूच्या कपाळावर एक आठी उरली होती. "नावं लिवलासा?" त्याने विचारलं.

"नाही अज्जा. आकडा लिहिलाय फक्त. नावं तुमची आणि राखण्याची."

मग मात्र म्हाताऱ्याने फुलाबाईला हाक मारली, महाबळेश्वरला हाक मारली, शेजारच्या घरातल्या गोपाळला हाक मारली, आणि वर्षभर साठवलेलं सगळं बोलून टाकलं. जेवण झाल्यावरही तो बोलत होता. मॅडमना वर सोडायला गेला तेव्हाही बोलत होता. फुलाबाई दीपालीच्या कानाशी लागून म्हणाली, "गप हुता त्येच बरं हुतं गं!"

एप्रिलात कागद आले, शिक्क्यासह, नऊ घरांचे नऊ. त्या दिवशी सगळा किंदळवाडा ढोल घेऊन खिंडीत चढला. म्हातारे चढले, तान्ही पोरं पाठीला बांधून बायका चढल्या. प्रत्येकाने राखण्याला डहाळी घातली. नागूने दोन घातल्या.

"दुसरी कुणाची, अज्जा?" रक्षाने विचारलं.

"त्या लिस्बनवाल्याची. बिचाऱ्याला एकच चूल हुती सांगाया. आमच्या हिशेबात जाऊ दे."

दीपालीच्या पिशवीत त्या दिवशी औषधं होतीच, पण त्यांच्यावर एक नवा कागदही होता. कुंभारवाड्याला आठवड्यातून दोनदा नर्स यावी म्हणून तिने लिहिलेला अर्ज, खाली नऊ घरांच्या सह्या आणि अंगठे. पहिला अंगठा नागूचा होता. कारकुनाने निरोप पाठवून सांगितलं होतं कुठे द्यायचा ते.

खाली उतरायच्या आधी रक्षा दगडाच्या पुढच्या बाजूला गेली. तिच्या हातात एक डहाळी उरली होती. तिने ती चौथऱ्यावर चढून दगडाच्या माथ्यावर ठेवली, अशी की पानं सोनेरी अक्षरांवर लोंबली. दीपालीने आधी पोर पडेल म्हणून धाव घेतली. मग बघितलं. पानांखाली नेमका 'निर्जन' हा एकच शब्द झाकला गेला होता.

"काढू काय?" रक्षाने विचारलं.

"राहू दे," दीपाली म्हणाली, आणि पानं जरा उजवीकडे सरकवली, म्हणजे कानडीतलाही झाकावा.

आता गाड्या थांबवून पर्यटक तो दगड वाचतात, फोटो काढतात. झाडलोट करणारा माणूस दर सोमवारी डहाळी काढून टाकतो. मंगळवारी सकाळी किंदळवाड्याहून वर येणारं पहिलं माणूस नवी ठेवतं.